तिसरी पेटी वाढली

बॅटरीच्या पेटीत शिरायच्या आधी काका उंबऱ्याला हात लावायचे आणि तो हात कपाळाला लावायचे. पेटी म्हणजे काही देवघर नव्हे. मालगाडीवर असतो तसला लांबलचक पांढरा लोखंडी कंटेनर, आत कपाटांसारखे रॅक, रॅकमध्ये खच्चून भरलेल्या बॅटऱ्या आणि दिवसभर घरघरणारा एसी. असे चार कंटेनर हैदराबादच्या बाहेर एका सबस्टेशनच्या आवारात ओळीने उभे होते. सगळं ऑफिस त्यांना ‘युनिट वन, युनिट टू’ म्हणायचं. हे एकटे ‘पेटी’ म्हणायचे. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पहिल्या दिवशी तो नमस्कार पाहून मी मनात म्हटलं, झालं, हे एक ध्यान आपल्या वाट्याला आलं.

मी तेव्हा पुण्याहून नवीनच आले होते. कुठल्या पेटीने किती वीज कधी घ्यायची आणि कधी सोडायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, आणि त्याबरोबर आलेला माज पण माझ्याकडे होता. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. सबस्टेशनच्या बॅटरीच्या खोलीत ज्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या असतात, त्यांना पाणी घालण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या प्रकल्पाने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. सगळ्या ऑफिसात मराठी बोलणारी माणसं दोनच, ते आणि मी. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मी त्यांना काका म्हणायला लागले. ते मला अम्मा म्हणायचे. तेलुगूत लहान पोरीलाही अम्मा म्हणतात हे मला कुठलं माहीत? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फणकाऱ्याने म्हणाले होते की मी तुमची आई नाही. ते इतके हसले की ठसकाच लागला.

त्यांचं घराणं जुन्या निजामी राज्यातल्या मराठी खेड्यातलं, शेतकऱ्याचं. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि विद्यानगरला राहिले ते कायमचेच. काकांच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ होतंच, शिवाय प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘बोलून’ असायचं. उद्या येतो बोलून बोलला, आलाच नाही. माझं शुद्ध पुणेरी ऐकून ते म्हणायचे, तुझी मराठी इस्त्री केलेली आहे अम्मा, घालून बसायला होत नाही. मला राग यायचा. आता वाटतं, बरोबरच होतं त्यांचं.

सकाळी ऑफिसची व्हॅन मला हिमायतनगरला घ्यायची आणि मग विद्यानगरला त्यांना. ते कोपऱ्यावर आधीच उभे. हातात पिशवी, पिशवीत डबा, एक लांबट कडक पुठ्ठ्याची वही आणि कापडात गुंडाळलेला हायड्रोमीटर. हायड्रोमीटर म्हणजे शिशाच्या बॅटरीतलं पाणी किती दाट आहे ते बघायची काचेची नळी. आमच्या नव्या लिथियमच्या बॅटऱ्यांत पाण्याचा थेंब नाही. मग हे कशाला आणता, असं मी विचारलं तर म्हणाले, बत्तीस वर्षं सोबत होता, आता एकटा घरी काय करेल?

गाडीत ते गप्प बसत नसत. त्यांचा लाडका विषय म्हणजे विजेला ठेवायचं कसं. वीज केली की लगेच वापरायची, ती साठत नाही, हे त्यांना खात्यात शिकवलेलं. आता म्हातारपणी आपल्या डोळ्यांदेखत वीज साठते आहे, याचं त्यांना लहान मुलासारखं अप्रूप होतं. कुणी मोठे साहेब पाहणीला आले की मॅडम पडद्यावर आलेख दाखवायच्या, आणि काका मागून एकच वाक्य टाकायचे: “ऊन दुपारचं, भूक संध्याकाळची. मधे ठेवायला पेटी.” आलेख कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत. हे राहायचं.

मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. तेलुगू, कडक, कमी बोलणाऱ्या. त्या काकांना आदराचं ‘गारू’ लावून बोलायच्या आणि मला नुसत्या नावाने.

काकांची आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू ते तळापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. पाण्याच्या बाटलीत घोटभर, डब्यात घासभर, पेनात थोडी शाई, फोनमध्ये निम्मी बॅटरी. डब्यातला घास फाटकाजवळच्या कावळ्याला जायचा. एकदा मी बाटली उलटी करून म्हटलं, पाणी संपलं. त्यांनी चेहरा असा केला की मी काही घाण बोलले. तसं बोलू नको म्हणाले. मग काय बोलू, असं मी विचारलं. काहीच बोलू नको, उठ आणि भरून आण.

फाटकाबाहेर एक चहावाला होता. एका संध्याकाळी आम्ही गेलो तर तो भांडी आवरत होता. म्हणाला, “चाय नक्को अब, दुकान बढ़ा दिये.” मी काकांना म्हटलं, वा, याचा धंदा वाढला वाटतं, दुसरी टपरी टाकली का? काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं त्यांनी! पण दुसऱ्याच्या अज्ञानाला हात लावायचा नाही, अशी त्यांची सभ्यता होती, आणि तीच आम्हाला महागात पडली.

आमच्या पहिल्या मोठ्या चाचणीची ही गोष्ट. सबस्टेशनजवळच्या एका वस्तीला संध्याकाळी साडेसहापासून तासभर फक्त आमच्या चार पेट्यांवर चालवायचं होतं. दुपारचं ऊन पेटीत भरायचं आणि दिवेलागणीला वस्तीला द्यायचं. हे जमलं तर असल्या पेट्या आणखी सबस्टेशनांवर बसणार होत्या. बघायला वरचे अधिकारी येणार होते. आणि माझं वैयक्तिक म्हणाल तर माझी नोकरी कायम व्हायची होती, पुढच्याच महिन्यात. मी घरी भांडून हैदराबादला आले होते. सहा महिन्यांत परत येशील, असं बाबा म्हणाले होते. त्यांचं म्हणणं खोटं पाडणं हा माझ्या आयुष्याचा तेव्हा एकमेव हेतू होता.

आमच्या बॅटऱ्यांच्या जातीत एक खोट असते. भरलेली असो की रिकामी होत आलेली, मीटरवर ती जवळजवळ सारखीच दिसते, आणि शेवटाला एकदम कोसळते. म्हणून पडद्यावरच्या टक्क्यांवर फार विश्वास ठेवता येत नाही. तिसऱ्या पेटीचा आकडा तर आठवडाभर लहरी झालेला. त्यामुळे काका त्या दुपारी प्रत्येक पेटीत जाऊन रॅकला थोडा थोडा भार देऊन हाताने मोजत होते आणि मी कंट्रोल रूममध्ये बसले होते. माझ्या पडद्यावर तिसरी साठ टक्के दाखवत होती. सहाच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

“अम्मा, तिसरी पेटी वाढली बघ. ध्यानात ठेव.”

तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. मी समजले, पडदा साठ म्हणतो आहे पण आत त्याहून जास्त आहे, वाढली आहे. मी म्हटलं, अरे वा, थँक्यू काका, आणि संध्याकाळचा सगळ्यात मोठा वाटा तिसरीच्या डोक्यावर ठेवला.

पावणेसातला तिसरी कोसळली. तिचा भार बाकीच्या तिघींवर आला आणि त्याही एकामागून एक बंद पडल्या. वस्ती अंधारात गेली. नेहमीची लाइन परत जोडेपर्यंत बारा मिनिटं लागली. अधिकारी घड्याळ बघत होते, मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. वस्तीतल्या एका बाईंनी फोन करून मला तेलुगूत झापलं. त्यांचं इडलीचं पीठ ग्राइंडरमध्ये अर्धं वाटून थांबलं होतं. मला निम्मंच समजलं, पण तेवढं पुरलं.

तीन दिवसांनी चौकशी झाली. कंट्रोल रूमचे फोन रेकॉर्ड होतात. मॅडमनी ते वाक्य सगळ्यांसमोर लावलं. काकांचा आवाज खोलीत घुमला. त्या खोलीत मराठी समजणारी मी एकटी आणि बोलणारे ते, समोरासमोर बसलेलो. मॅडमनी मला विचारलं, भाषांतर कर, गारू काय म्हणाले? मी सांगितलं: तिसरी पेटी वाढली, म्हणजे तिच्यातला चार्ज वाढला.

मॅडम काकांकडे वळल्या. हे बरोबर आहे का?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला आजही दिसतो. रागावलेला नव्हता. हिशेब जुळवणाऱ्या माणसासारखा थोडा वर बघत होता. मग ते हिंदीत म्हणाले, “लड़की सही बोली. वैसाच बोला मैं.”

अहवालात लिहिलं गेलं की जागेवरचं मोजमाप चुकलं. काकांचं काम थांबवलं. आणि मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. म्हातारा माणूस, चुकलं मोजायला, असं मी स्वतःला सांगितलं. आता व्हॅन विद्यानगरच्या कोपऱ्यावर न थांबता पुढे जायची. पहिले काही दिवस मी त्या बाजूला बघायचीच नाही. मग बघायला लागले, पण तिथे कुणी नसायचं.

पुढच्या महिन्यात आई चार दिवसांसाठी माझ्याकडे आली. दुसऱ्याच सकाळी पिशवीत हात घालून म्हणाली, “अगंबाई, माझं कुंकू वाढलंय गं. इथे कुठे मिळेल?”

मी फोनमध्ये डोकं घालूनच म्हणाले, वाढलंय तर आणखी कशाला हवंय?

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर बघितलं. म्हणाली, “शिकलीस काय नुसती! कुंकू संपलं असं म्हणतं का कुणी? वाढलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळ फोडतात का? वाढवतात. नसलेल्याला नाही म्हणू नये.”

तिसरी पेटी वाढली. ध्यानात ठेव. त्यांनी अचूक मोजलं होतं. त्यांनी अचूक सांगितलं होतं, तेही वेळेवर. मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच वाक्याचा उलटा अर्थ लावला आणि त्यांनी हो म्हटलं. आईला घेऊन मी चिक्कडपल्लीच्या बाजारात गेले, कुंकू घेतलं, तिला घरी सोडलं आणि तशीच विद्यानगरला गेले.

दार काकूंनी उघडलं. काका आत खुर्चीवर बसून रेडिओला नवे सेल घालत होते. मी पाया पडले. इतक्या वर्षांत मी कुणाच्या पाया पडले नव्हते. रडतच विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत?

ते म्हणाले, “काय बोलणार होतो? मी ‘तसं नाही’ बोललो असतो तर मॅडमने तुला पुसलं असतं, मग तू लोड कामून दिलास? माझी पेन्शन चालू आहे अम्मा. तुझं कायम व्हायचं आहे. आणि चूक माझी बी आहे. देवघरातली भाषा फोनवर बोललो.”

मग तुम्ही सरळ ‘संपली’ का म्हणत नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं. चिडले होते स्वतःवर, निघालं त्यांच्यावर.

ते रेडिओचं झाकण बसवत म्हणाले, “माझी आई सांगायची, संपलं म्हटलं की माणूस उठून निघून जातो. वाढलं म्हटलं की आणायला उठतो. सबंध नोकरी त्याच्यावर केली मी. पेटी रिकामी झाली म्हणजे मेली का? उद्या दुपारी परत भरते ना?”

काकूंनी चहा आणला. निघताना काकांनी बजावलं, मॅडमला काही सांगू नको, कायम झाल्याचं पत्र हातात पडू दे, मग बघू. मी ‘हो’ म्हणाले. रिक्षात बसल्यावर कळलं की पत्र हातात पडल्यावर मी कधीच सांगणार नाही. मी स्वतःला ओळखून आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काका चुकले नव्हते, मी चुकले. ‘वाढली’ म्हणजे रिकामी झाली. बोलताना मलाच ते इतकं वेडगळ वाटत होतं की वाटलं, आता या म्हणणार, तुमच्या भाषेत जास्त म्हणजे कमी असतं का?

मॅडमनी चष्मा काढला.

“आमच्या घरी तांदूळ संपले की अम्मा म्हणायची, बिय्यम निंडुकुन्नायि,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “म्हणजे तांदूळ भरले. मी लहान असताना धावत जाऊन डब्यात बघायची. डबा रिकामा. आणि दिवा विझला की म्हणायची, दिवा डोंगरावर चढला.” मग एकदम त्यांचा आवाज नेहमीचा झाला. “तू त्यांना परत विचारलं का नाहीस? एक शब्द. ‘वाढली म्हणजे किती?’”

आकडा विचारायला हवा होता, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मी विचारला नाही, कारण मला हवं ते ऐकू आलं होतं. ते मी तसंच सांगितलं.

अहवाल बदलला. माझं कायम व्हायचं पत्र तीन महिने पुढे गेलं. बाबांना मी कारण सांगितलं नाही, आईने सांगितलं असावं, कारण त्या रविवारी त्यांनी आपणहून फोन केला आणि जेवलीस का एवढंच विचारलं. आणि पुढच्या सोमवारी व्हॅन विद्यानगरला थांबली. काका कोपऱ्यावर उभे होते, पिशवी, डबा, वही, हायड्रोमीटर, सगळ्यासकट. बसल्या बसल्या म्हणाले, सांगू नको बोलून बोललो होतो ना मी? पण फार खूश होते. त्या दिवशी त्यांनी मला डब्यातली तिखट ज्वारीची धपाटी दिली आणि शेवटचा तुकडा कावळ्यासाठी काढून घेतला.

मॅडमनी नियम केला की फोनवर फक्त आकडे बोलायचे. काकांनी मान्य केलं. दुसरी चाचणी थंडीच्या तोंडावर झाली. पुन्हा तीच वस्ती, तेच अधिकारी. साडेसहाला आम्ही वस्ती पेट्यांवर घेतली. सगळं सुरळीत चाललं होतं. सहा पन्नासला फोन वाजला. माझ्या पडद्यावर चौथी पेटी अजून बरी दिसत होती.

“अम्मा.”

“बोला काका. आकडा सांगा.”

“आकडा घ्यायला वेळ नाही. रॅक एकामागून एक गळायला लागले.” पलीकडे एसीची घरघर ऐकू येत होती. ते थांबले. मला वाटलं लाइन तुटली. मग त्यांचा आवाज आला, जड, एकेक अक्षर सुटं केलेला. “चौथी... संपली. संपली, ऐकलंस?”

मी चौथीचा भार काढून बाकी तिघींवर वाटला. पडद्यावर एक छोटा हेलकावा आला आणि गेला. खिडकीतून वस्ती दिसत होती. एकही दिवा लुकलुकला नाही. कुणाचंही इडलीचं पीठ थांबलं नाही. तास पूर्ण झाला तेव्हा मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तसं आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

परतताना काका गाडीत एक शब्द बोलले नाहीत. विद्यानगरच्या कोपऱ्यावर उतरले, पिशवीतून बाटली काढली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून तीनदा खळखळून चूळ भरली. ड्रायव्हरने विचारलं, साब को उलटी हुई क्या? मी म्हटलं, नाही. मला हसू येत होतं. जन्मभर जो शब्द या माणसाने तोंडात येऊ दिला नव्हता, तो त्याने माझ्यासाठी उच्चारला होता.

आता पेट्या खूप झाल्यात. नवीन आवारं, नवीन पोरं, नवीन पडदे. काकांनी काम सोडलं, गुडघे ऐकत नाहीत म्हणून. मी महिन्यातून एकदा तरी विद्यानगरला जाते. मला या शहरात ठेवलं कुणी, असं कुणी विचारलं तर मी पत्राचं नाव घेणार नाही, त्यांचं घेईन. हे त्यांना तोंडावर सांगितलं तर ते विषय बदलतात आणि नव्या पेट्या किती दिवसांनी तपासता, असं विचारतात.

मागच्या भेटीत त्यांनी ती पुठ्ठ्याची वही मला दिली. तुझ्याकडे राहू दे म्हणाले. घरी येऊन मी थेट दुसऱ्या चाचणीचं पान काढलं. शाईचं पेन, बारीक सरळ अक्षर. पेटी चौथी, वेळ सहा पन्नास, आणि पुढे लिहिलेलं ‘संपली’. तो शब्द एका रेघेने नीट खोडला होता आणि वर लिहिलं होतं ‘वाढली’. मला दिलेला शब्द त्यांनी घरी जाऊन परत घेतला होता. त्याच्या खाली दुसऱ्या दिवसाची ओळ होती.

दुपारी दोन. चौथी भरली.